पाठीवरचे पांढरे केस

माझ्याकडे सहा महिने एक घोडी होती. ती का गेली, असं कोणी विचारलं की मी सांगत आलोय, खोडील निघाली, म्हणून परत केली. हे मी सोयऱ्यांना सांगितलं आहे, कंपनीत सांगितलं आहे, आणि ते खोटं आहे.

आमची शेती शेंद्र्याच्या पलीकडे आहे. निम्मी जमीन कारखान्यांकडे गेली, निम्मी राहिली. मी दिवसा एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि सुटी झाली की रानात येतो. मका निघाली की दरवर्षी एक धनगर कुटुंब आमच्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवतं. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारते, त्यांना आठ-दहा दिवस जागा मिळते. माझ्या वडिलांपासून हे चालत आलेलं. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं. त्यांतली एक तपकिरी, बुटकी, शांत डोळ्यांची घोडी माझ्या मनात भरली.

त्यालाही कारण होतं. गावच्या यात्रेत पालखीपुढे घोड्यावर बसून जायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर दावणीला घोडंच राहिलं नाही. वडील पायी चालत, त्यांच्यामागे मीही पायी चालत आलो. पन्नाशी आली तसं ते मला खुपायला लागलं. त्या घरची म्हातारी सगळा कारभार बघायची. मी तिला मावशी म्हणतो. तिच्याकडे मी घोडी मागितली.

"दादा, ही वझ्याची घोडी हाय," ती म्हणाली. "बसाल तर बसू देईल ती. पर रोज पाठ बघावी लागंल."

तिने मला दाखवलं. पाठीवर काही टाकायच्या आधी आणि उतरवल्यानंतर, मानेपासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत उलटा हात फिरवायचा. तळहात नाही, हाताची मागची बाजू.

"तळव्याला घट्टे असत्यात. त्याला गरम-गार कळत नाय," ती म्हणाली.

"माझा तळवा मऊ आहे मावशी. दिवसभर कॉम्प्युटर," मी म्हणालो.

"मंग तुमाला तर लवकर कळंल," ती म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसली. जाताना पुन्हा वळून म्हणाली, "हात फिरवल्याबिगर वझं नाय. येवढं ध्यानात ठिवा."

मी हो म्हणालो.

थंडीत मी पाठीवर नुसती जाड वाकळ टाकून अंगणात आणि बांधावरून फिरायचो. घोडी कानसुद्धा हलवायची नाही. पहिले दोन-तीन आठवडे मी न चुकता उलटा हात फिरवला. मग कधी आठवलं तर. मग पालखीपुढे वाकळेवर बसून कसं जायचं, असं वाटून शहरातल्या शहागंजातून एक जुनं चामड्याचं खोगीर आणलं. पितळी फुलं, लाल झालर. दुकानदार म्हणाला, मोठ्या मारवाडी घोड्याचं आहे, तुमची घोडी केवढी? मी हात जरा उंच करूनच दाखवला.

घरी बायको म्हणाली, "हे तिच्या अंगावर असं दिसतंय, जसा तुमचा कोट धाकट्या भावाच्या अंगावर."

"तंग आवळला की बसेल," मी म्हणालो.

तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. तो मी शेवटच्या भोकापर्यंत आवळला.

पंधरा दिवसांनी घोडी उसळायला लागली. अंगणात गुमान चालायची. फाटकातून बाहेर पडून डांबरी रस्त्याकडे जाणारा उतार लागला की तिची मान खाली जायची, पाठीची कमान व्हायची आणि मागचे दोन्ही पाय हवेत. मी आयाळ धरून लोंबकळायचो. पहिल्या दिवशी शेजारचा शेतकरी मोटारसायकल थांबवून बघत राहिला.

"काय साहेब, तुम्ही घोडीवर बसलात का घोडी तुमच्यावर?"

मग सगळ्यांनी आपापलं सांगितलं. कोणी म्हणालं, कंपनीच्या भोंग्याला बिचकते. कोणी म्हणालं, ट्रकांना. एकाने कपाळावरचा भोवरा बघून मान हलवली. बायकोने मीठ-मिरच्या उतरवल्या. कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं, "नांगरटीत घाल. ढेकळांत तासभर पळव. मस्ती जिरली की गाय होते."

उतारावरच का उसळते, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. खोगीर मोठं होतं. उतार लागला की ते पुढे सरकायचं आणि मान संपून पाठ सुरू होते तिथल्या हाडावर माझं सगळं वजन जायचं. हे मला नंतर समजलं असं मी म्हणू शकलो असतो. पण यात्रेच्या सहा दिवस आधी खोगीर काढलं, तेव्हा त्या जागी अंड्याएवढी सूज होती. मी उलटा हात लावला. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी गरम लागली. घोडीने पाठ एकदम खाली घेतली.

त्या वेळी मला मावशीचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. आणि मी मनात दिवस मोजले. सहा. सूज म्हणजे काय, उतरेल. खोगिराखाली एक जादा जाडंभरडं चवाळं घालू. यात्रा झाली की महिनाभर मोकळी सोडू. गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, यंदा मी घोड्यावर आहे.

रोज सकाळी कंपनीत जायच्या आधी मी तिला नांगरटीत पळवलं. पहिल्या दिवशी ती उसळली, दुसऱ्या दिवशी थोडी, चौथ्या दिवशी नाही. तिच्या तोंडाला फेस यायचा, गुडघे ढेकळांत टेकायचे. मी म्हणायचो, बघ, सुधारली. बायको चवाळं धुवायला घेऊन आली आणि म्हणाली, "ह्याला कसलं तरी पाणी सुटलंय. पिवळं."

"घाम आहे," मी म्हणालो.

"घामाला असा वास नसतो," ती म्हणाली, आणि तिने ते दोनदा धुतलं.

यात्रेला मी फेटा बांधून पालखीपुढे घोडीवर बसून गेलो. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, आणि घोडी मान खाली घालून एकेक पाऊल टाकत होती. लोक म्हणाले, काय सोशिक जनावर आहे. माझा चुलता रडला. म्हणाला, दादांची आठवण आली. दादा म्हणजे माझे आजोबा. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर मी खोगीर उतरवलं ते तिच्याकडे न बघता, आणि दुसऱ्या बाजूने निघून गेलो.

महिनाभर मोकळी सोडायचं ठरवलं होतं. तिसऱ्याच दिवशी पाहुणे आले आणि त्यांना मला घोडीवर बसलेलं बघायचं होतं. उतारावर घोडीने मला असं फेकलं की गळ्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात अडकवून मी बसलो, आणि दुखण्यापेक्षा हसं झाल्याचा राग जास्त होता. त्या रागात मी मावशीला फोन लावला. सगळे ऐकतील अशा आवाजात बोललो, "असली खोडील घोडी गळ्यात मारली तुम्ही? वडिलांपासूनचा संबंध, आणि फसवलंत?"

पलीकडून मेंढ्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी येते, दादा."

त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, तेव्हा पैठणकडे होता. मेंढ्या सुनेच्या हवाली करून ती सकाळच्या एसटीने निघाली आणि दुपारी भर उन्हात पायी आमच्या फाटकात आली. पाणीही घेतलं नाही. सरळ घोडीकडे गेली. शेजारी, चुलता, बायको, सगळे उभे होते. मीच सगळ्यांना बोलावलं होतं, तिला जाब विचारायला.

घोडी तिचा आवाज ऐकून खालच्या आवाजात फुरफुरली. मावशीने उलटा हात ठेवला आणि लगेच काढला. केस बाजूला केले. तिथं कातडी नव्हती. रुपयाएवढं ओलं मांस होतं, भोवती काळी पडलेली कड.

"किती दिस झालं?" तिने विचारलं.

"मी पडलो त्या दिवशी झालं असेल," मी म्हणालो. "त्याआधी काहीच नव्हतं. मी रोज हात फिरवत होतो."

बायको घरात निघून गेली.

खोगीर तिथंच भिंतीला टेकवलेलं होतं. मावशीने ते उलटं केलं. आतल्या अस्तरावर डाग होता, एकावर एक वाळलेला, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर कडी दिसतात तसा. तिने तो पाहिला. मी तिला तो पाहताना पाहिलं. मागच्या लोकांना तिच्या पाठीमुळे काही दिसलं नसावं. मग तिने खोगीर पुन्हा सुलटं केलं, डाग भिंतीकडे जाईल असं ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "खोडील निघाली म्हनता तर न्हेते मी. ह्या पोरीचं चुकलं आसंल."

मला त्या क्षणी बोलता आलं असतं. चार माणसं होती, त्यांच्यासमोर एक वाक्य. चुलता म्हणाला, "बघा, मान्य केलं बाईनं."

तिने चुलीतली राख मागून जखमेच्या कडेने लावली, माश्या बसू नयेत म्हणून, आणि दावं हातात घेऊन पायीच निघाली. उतारावर घोडी मेंढरासारखी तिच्या मागे चालत गेली. एकदाही उसळली नाही.

दिवाळीनंतर ते लोक पुन्हा आले. माझं वावर रिकामंच होतं. त्यांनी मेंढ्या शेजाऱ्याच्या वावरात बसवल्या. मी दोन दिवस बांधावरून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी गेलो. घोड्या चरत होत्या. कोणती आपली, हे ओळखायला वेळ लागला नाही. जखम भरली होती; तिथले केस पांढरे आले होते. जवळच तिच्या पाठीवर टाकायची गादी वाळत होती, आणि त्या जागेपुरतं पुढच्या बाजूला गोल भोक कापलेलं होतं, कड दोऱ्याने नीट शिवलेली.

"या दादा. हाड जुळलं का?" मावशी म्हणाली.

"जुळलं."

मग मी म्हणालो, "मावशी, सूज मी आधीच बघितली होती. यात्रेच्या आधी."

"व्हय," ती म्हणाली. "डाग जुना हुता."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

ती कोकराच्या पायातला काटा काढत होती. तो काढून तिने कोकरू सोडलं. "मी काय बोलायचं? तुमच्या मानसांपुढं बोलायचं ते तुमी बोला."

मी घोडीपाशी गेलो आणि उलटा हात पुढे केला. अजून बोटं टेकलीही नव्हती, तोच तिने पाठ खाली घेतली. मी हात मागे घेतला आणि बांध ओलांडून घरी आलो.

चुलता ओट्यावर बसला होता. "मेंढ्या बसवतायत का आपल्या रानात?" त्याने विचारलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सुरुवात खोगिरापासून केली.