सासऱ्यांच्या मेजावर माशांची टाकी

आज सगळ्यात आधी मंदाताई आल्या, आमच्या शेजारच्या. मासे पाहायला नाही हं... मेज मोडलं की नाही ते पाहायला! सोबत त्यांची पिपरीची जाऊ. चहा ठेवायच्या आधीच दोघी वाकून मेजाखाली पाहून राह्यल्या.

मेज म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सागवानी. धान्याच्या पोत्यांना, आमच्याकडच्या कट्ट्यांना, ओल लागू नये म्हणून करून घेतलेलं. पुढे त्यावर टीव्ही आला, मग टीव्ही भिंतीवर गेला अन् मेज कोपऱ्यात बसलं... माझ्यासारखं.

झालं असं, नातीला, पिहूला, मासे पाहिजे होते. मी म्हटलं, ठेवू मेजावर टाकी. तर मुलगा प्रशांत म्हणतो, "आई, जुनं लाकूड आहे ते, घरभर पाणी होईन. मेज भंगारवाल्याले देऊ, लोखंडी स्टँड आणू."

भंगारवाल्याला!

पिहूने मोबाईलवर हिशोब केला. पाणी, काच, रेती मिळून सव्वाशे किलो... म्हणजे अडीच कट्टे तूर. मी म्हटलं, तीन ठेवा, आठ दिवस! मोडलं तर खुशाल द्या मेज. मंदाताईंसमोर बोलले, तेच चुकलं.

चौथ्या दिवशी मेज मधोमध वाकलं. ड्रॉवर उघडेना.

"काऊन ओ, तुमचं सागवान तं पापडावानी निघालं!" मंदाताई म्हणाल्या.

प्रशांत भंगारवाल्याला फोन लावणार तेवढ्यात मी म्हटलं, सुताराले तरी दाखव. नालवाडीचा सुतार आला, खाली झोपून पाहिलं अन् हसला. "काकू, सागवानाले काहीच नाई झालं. पाय, चौकट टणक हाय. वाकला तो वरचा प्लाय. हा कोनं लावला?"

सगळे प्रशांतकडे पाहून राह्यले. टीव्हीखाली चकाचक दिसावं म्हणून जुनी फळी काढून त्यानेच तो प्लाय ठोकला होता!

"मंग जुनी फळी कुठं हाय?"

गच्चीवर! सासूबाईंनी फेकू दिली नव्हती, त्या गेल्यावर मीही नाही फेकली. दर उन्हाळ्यात तिच्यावरच तर कुरड्या वाळतात. चांगली दोन बोटं जाड. प्रशांतनेच खाली आणली... धापा टाकत!

सुताराने फळी बसवली, नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली, एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. पुन्हा तेच तीन कट्टे, पूर्ण आठ दिवस... केसभर हललं नाही. काल टाकी भरली, खाली थर्माकोल घालून. सात मासे आहेत, त्यातल्या मिशीवाल्याचं नाव पिहूने 'आबाजी' ठेवलं, तिच्या पणजोबांवरून. मीही रागावले नाही, मिशा तशाच आहेत.

सासूबाई, तुम्ही ती फळी जपली म्हणून मेज घरात राहिलं.

आज निघताना मंदाताई हळूच म्हणतात, "तुमच्या सुताराले बोलवजो बाई... आमच्या सासूचीबी एक फळी गोठ्यात पडून हाय."

बुधवारी सुतार येतो, अन् येतात दोघी, फळी घेऊन.