खाच मोडलेली कॅसेट

आखातात युद्ध पेटलं तेव्हा मी सौदीत धाहरानजवळच्या एका कॅम्पात पाइपफिटर होतो आणि हौस मात्र मास्तरकीची. गावी मुलगा आठवीत. इतिहास म्हटलं की तो पुस्तक मिटायचा. त्याला बायझंटाईन साम्राज्य मीच शिकवायचं ठरवलं. अकराशे वर्षं टिकलेलं राज्य, कॉन्स्टँटिनोपलचा तट, शेवटी तुर्कांच्या तोफा. खोलीतला माझा सोबती दापोलीकडचा मुसलमान वेल्डर. तो हसून म्हणायचा, शेवटी आमचेच लोक जिंकतात, मग तू एवढा हळहळतोस का?

आम्ही पत्रं कमी लिहायचो, कॅसेट भरून पाठवायचो. गावाहूनही कॅसेटच यायची. त्या आठवड्यात दुकानं बंद, कोरी कॅसेट मिळेना. सोबती ड्यूटीवर होता, त्याच्या फळीवरची एक उचलली. तिच्या कडेच्या खाचेवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. कुणी वर दुसरं भरू नये म्हणून तो मोडतात, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण असतील कव्वाल्या, नंतर नवी आणून देऊ, असं म्हणत मी खाचेवर चिकटपट्टी लावली, की टेप परत भरता येते. इराकी विषारी गॅस सोडतील या भीतीने खिडक्यांच्या फटी बंद करायला ती पट्टी खोलीखोलीत वाटली होती. आधी लावून ऐकायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. अंगात मास्तर शिरला की मला दुसरं काही दिसत नाही.

धडा भरून झाला, पण टपाल बंद, म्हणून कॅसेट पुन्हा त्याच्याच फळीवर ठेवली. सोबत्याला सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, टाळलंच.

पंधरा दिवसांनी निरोप आला, त्याची आई गेली. विमानं बंद, पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे कामावर आणणाऱ्या अरब मालकाकडे, जाणार कसा बिचारा? दुपारी कॅम्पातली माणसं त्याच्याजवळ येऊन बसली. तो उठला, फळीवरून तीच कॅसेट काढली आणि म्हणाला, आय बोललीय यात, एकच बाजू भरली होती तिने. म्हणजे दुसरी बाजू सबंध कोरी होती, आणि माझ्यासारख्या करंट्याला नेमकी हीच बाजू सापडली. मी तोंड उघडेपर्यंत त्याने बटण दाबलं.

"बाळा, आज आपण एका मोठ्या साम्राज्याचा इतिहास पाहू." माझाच आवाज, खणखणीत.

मी बंद करायला धावलो. त्याने माझा हात धरला.

"राहू दे. शेवटाला कुठेतरी आय उरली असेल."

अर्धा तास सगळे ऐकत बसले. राजे आले, गेले, शहर पडलं. तो टेपला कान लावून होता. पुढचं मला एकट्यालाच माहीत होतं. गोष्ट संपल्यावर चार-पाच मिनिटांची टेप उरली होती. ती वाया कशाला घालवायची म्हणून मी सगळ्या सनावळ्या पहिल्यापासून परत म्हटल्या होत्या, अगदी टेप संपेपर्यंत.

खटका पडला. त्याने कॅसेट हातात घेतली.

"एकदा सांगून झालेलं परत कशाला सांगितलंस रे?"