शाडूचा डायनासोर आणि निळा टब

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. लग्न होऊन आले तेव्हापासून शाडू मळतेय. मूर्तीचे डोळे आखायला तर माझी मीच शिकले, सासरे जेवायला गेले की मोडक्या मूर्तींवर हात चालवून. पण ते राहू द्या, सांगायचंय ते डायनासोरचं.

माझी नात रोह्याला, सातवीत. एका दुपारी तिचा फोन आला.

"आजी, एक नवीन डायनासोर सापडलाय! बदकाएवढा. मान हंसासारखी, तोंडात बारीक दात, हात वल्ह्यासारखे. जमिनीवर चालायचा नि पाण्यात पोहायचा."

"कुठं गो सापडला?"

"मंगोलियात. वर्गात कुणाला पटतच नाय. म्हणतात, तुझ्या मनातला प्राणी हाय. बदक, बदक म्हणून चिडवतात. विज्ञान प्रदर्शनात मांडते म्हणजे गप्प बसतील. करशील ना?"

आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, करते. "पाण्याच्या टबात ठेवायचाय हां," असंही तिनं सांगितलं, आणि मी ते नीट ऐकलं.

फोनवर आलेलं चित्र बघत बसले करायला. मान काही उभी राहीना, म्हणून आत तार घातली, तशीच पायांत, हातांत, शेपटीत. आमचे हे येता-जाता बघायचे. "सोंड राहिली गो लावायची," म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. सावलीत वाळवला, घासला, हिरवा-तपकिरी रंगवला, मांडीवर खोका धरून एसटीनं वडखळवरून रोह्याला नेला. खड्ड्यांत मीच दणके खाल्ले, त्याला लागू दिलं नाही.

नातीनं खोका उघडला आणि हसत सुटली. "आजी, हा मासे खाणारा हाय, आशीर्वाद देणारा नाय!"

बघते तर काय, डोळे अगदी बाप्पाचे. हाताची सवय, दुसरं काय!

शाळेत तिनं निळा टब पाण्यानं भरला होता. तपासायला दोन सर आले, मागे अख्खा वर्ग. तिनं डायनासोर अलगद पाण्यात बसवला आणि बोलायला लागली. दोन मिनिटं झाली असतील. पाणी गढूळ व्हायला लागलं. आधी शेपूट गेली, मग पोट खचलं.

आमच्याकडे शाडूची चांगली मूर्ती म्हणजे पाण्यात लवकर विरघळणारी. जन्मभर त्याचंच कौतुक ऐकलं, आणि नातीसाठी म्हणून तर मी सगळ्यात चांगला शाडू मळला होता. कारखान्यात पाच माणसं, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही!

पोरी खिदळायला लागल्या. "बदक बुडालं गो, बदक!" नातीचा चेहरा पडला. मला तर वाटलं, मीच त्या टबात विरघळून जावं. हळूच म्हटलं, "काढ गो बाहेर."

तिनं नाही काढला. टबाकडे बघत राहिली, मग मान वर केली.

"सर, खरा पण मेल्यावर असाच गेला. मांस गेलं, हाडं राहिली, आणि ती दगडात सापडली. आता ही तार म्हणजे त्याची हाडं समजा. हाडांवरून सांगते, तो पोहायचा कशावरून."

गाळात हात घालून तिनं तारेचा सापळा वर उचलला. मान एवढी लांब कशाला, हात वल्ह्यासारखे कशाला, सगळं बोट लावून सांगत गेली. दोन्ही सर वाकून बघत होते. चिडवण्यात पुढे असलेली एक वेणीवाली पोर टबाला चिकटून उभी होती. तिनं विचारलं, "मग तो अंडी पाण्यात घालायचा की जमिनीवर?"

मला एकदम हलकं वाटलं. मनातल्या प्राण्याबद्दल असं कोण विचारतं?

"ते मला पण नाय माहीत," नात म्हणाली. "बहुतेक जमिनीवर. शोधू या."

बक्षीस दुसऱ्या कुणी केलेल्या ज्वालामुखीला गेलं. निघायची वेळ झाली तर नात कुठे दिसेना. बघते तर टबाभोवती सात-आठ पोरी, कोपरापर्यंत चिखलात, त्याच शाडूची अंडी वळतायत, आणि मधोमध बसून ही त्यांना सांगतेय, एवढी मोठी नको गो, बदकाएवढाच होता तो!