मागच्या सीटवरून पाहिलेला डोंगर

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात लिफ्टची वाट पाहत उभी होते. माझा नवरा निखिल फक्त "ये" म्हणाला. मग थोडं थांबून, "सावकाश ये, आता घाई नाही..." दिल्लीच्या हिवाळी हवेनं आईंची छाती धरली होती आणि या वेळी ती सुटली नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुनंदा. पुढचे काही दिवस आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माणसं येत राहिली. त्यातल्या एक बाई चहाचा कप हातात घेऊन हळहळल्या, "बिचारी! डोळे गेले आणि शेवटची वर्षं घरात बसून काढावी लागली." दारात दुःख वाटून घ्यायला आलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. पण ते वाक्य आजही बोचतं आहे, म्हणून हे लिहिते. आमच्या आई शेवटची वर्षं घरात बसल्या नव्हत्या. त्या एका ज्वालामुखीभोवती सायकल चालवत होत्या.

त्या भूशास्त्रज्ञ होत्या. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका लहानशा गावातून शिकून केंद्र सरकारच्या नोकरीत आल्या आणि दिल्लीच्याच झाल्या. काळ्या कातळात वाढलेल्या बाईला दिल्लीची माती कधी रुचली नाही. "सगळं भुसभुशीत," म्हणायच्या. ती भरपाई त्या सायकलवर करत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रविवारी सकाळी मला पहिलं दृश्य दिसलं ते सासूबाई सलवार-कुर्त्यावर हेल्मेट बांधून जिन्यावरून सायकल खाली उतरवत असल्याचं. चाणक्यपुरीतले ते रुंद, झाडांचे, सुट्टीच्या सकाळी निर्जन असणारे रस्ते त्यांना पाठ होते. मग काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खायला सुरुवात केली. त्यांनी ते बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी उभ्या असलेल्या गाडीवर त्या सरळ जाऊन आदळल्या, गळपट्टीचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. हाड जुळलं, पण नजर काही परत आली नाही. वर्षभरात उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळू लागला.

तो हिवाळा वाईट होता. आई बाल्कनीत बसायच्या आणि कुणी विचारलंच तर "ठीक आहे" म्हणायच्या. एके दिवशी मी ऑफिसातून आले, तर मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "तुला सायकल येते ना?"

"लहानपणी यायची. का?"

"एका वकिलातीतलं कुटुंब दिल्ली सोडून चाललंय. त्यांच्याकडे जोडसायकल आहे, दोन सीटांची. मी बोलून ठेवलंय. तू पुढे बसायचं, मी मागे."

निखिलला हे कळल्यावर तो उडालाच. "आई, प्लीज यार! पडाल दोघी."

"पडलो तर एकत्र पडू," आई म्हणाल्या. "आत्तापर्यंत मी एकटीच पडत होते."

जोडसायकल ही अजब गोष्ट आहे. दोघींची पेडलं एकमेकांना बांधलेली असतात, एकीनं पाय थांबवले की दुसरीचेही थांबतात. हँडल आणि ब्रेक मात्र फक्त पुढचीच्या हातात. आयुष्यभर स्वतःच्या हातानं वळणं घेतलेल्या बाईला मागे बसून दुसरीच्या वळणावर भरवसा टाकणं सोपं गेलं नाही. मी उजवीकडे वळवायची आणि त्या अंग डावीकडे झुकवायच्या. आम्ही सेक्टरच्या मागच्या गल्लीत पडलो, मार्केटच्या कोपऱ्यावर पडलो, एकदा तर मंदिराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर पडलो. खरचटलेले गुडघे झटकत त्या दर वेळी म्हणायच्या, "चलो, परत." पण दिल्लीचा रस्ता त्यांना मानवत नव्हता. हॉर्न वाजत राहिले की त्यांना काहीच ऐकू यायचं नाही, आणि आता ऐकणं हेच त्यांचं पाहणं होतं. त्यांना रिकामा रस्ता हवा होता. आणि कुठला हवा होता, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

"तोशाम," त्या म्हणाल्या. "भिवानीच्या पुढे. तिथे ज्वालामुखी आहे."

मी हसले. माझा जन्म दिल्लीतला. हरियाणात मोहरी, म्हशी आणि टोलनाके आहेत एवढं मला ठाऊक होतं. "खरंच आहे," आई म्हणाल्या. "विझलेला. आपल्या सह्याद्रीच्या कितीतरी आधीचा." मग त्यांनी हळूहळू सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या टेकड्यांचा नकाशा करायला एक तुकडी गेली होती, त्यात आई एकट्याच बाई. डोंगराची पुढची बाजू त्यांनी हातोडी घेऊन पालथी घातली. मागच्या बाजूला जायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, उधर का इलाका ठीक नहीं. तुम्ही तंबूत नमुने लावा." पुरुष गेले. नकाशा झाला, छापून आला. नंतर बदल्या, संसार, निखिल... आईंनी डोंगराची ती बाजू कधीच पाहिली नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे निखिलनं गाडीवर जोडसायकल बांधली. तोंड फुगवून का होईना, पण त्यानंच बांधली. तोशामच्या अलीकडे निखिल एका चहाच्या टपरीवर गाडीपाशी थांबला. आम्ही दोघी सायकलवर चढलो, खडीचे ट्रक जातात तो मोठा रस्ता सोडला आणि शेतांमधून जाणाऱ्या गावरस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मोहरी, मध्ये मध्ये कीकरची, म्हणजे बाभळीची झाडं, कुठेतरी मोर ओरडत होता आणि आमच्या साखळीचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"काय दिसतंय?" मागून प्रश्न आला.

"डोंगर."

"डोंगर म्हणजे काय सांगितलंस? कसा आहे?"

"लाल-सा आहे. आणि... ऊपर से टूटा हुआ."

"लालसर. माथा तुटका. पुढे?"

"त्याचा एक हिस्सा खाली शेतापर्यंत आलाय, लांबट."

"त्याला सोंड म्हणतात. आणि दोन सोंडांच्या मधे चीर असेल, ती घळ. आता सांग."

लहानपणापासून दिल्लीत माझे शेजारी तमिळ, बंगाली, पंजाबी. बाहेर सगळं हिंदीत, घरात पोळी-भाजीपुरतं मराठी. डोंगराचे अवयव मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी पाहायचे, आई शब्द द्यायच्या आणि त्या शब्दानं मला अजून नीट दिसायचं. कातळ, कडा, खिंड, दरड... मी पेडल मारत मारत माझी भाषा शिकत होते.

मागची बाजू सुरू झाली आणि समोरून वारा लागला. तोंडात धूळ, मांड्या भरून आलेल्या. एका गावाच्या विहिरीपाशी मी सायकल थांबवली. निखिलला फोन करून गाडी मागवावी असं मनात होतं. तेवढ्यात बायका जमल्या. "दो-दो लुगाई, एक सैकल!" दोन बायका एका सायकलवर, याचं त्यांना नवल. त्यातल्या एका म्हातारीनं आईंच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. "ताई, तन्नै दीखै कोनी?"

"नहीं दिखता," आई म्हणाल्या. "बहू देखती है, मैं पैडल मारती हूँ."

म्हातारी अशी हसली की तिची ओढणी डोक्यावरून घसरली. म्हणाली, "म्हारी बहू तो मन्नै देखै बी कोनी!" आणि थेट हुकूम केला, "मन्नै बी बिठा." घागरा आवरून ती मागच्या सीटवर चढली, मी तिला विहिरीभोवती दोन फेऱ्या मारून आणलं, बायका टाळ्या पिटत होत्या आणि आई मधोमध उभ्या राहून तिला ओरडून सांगत होत्या, "अंग ढीला छोड़ो! बहू पर भरोसा रखो!" मी फोन खिशातच ठेवला.

पश्चिमेकडे एका जागी रस्ता डोंगराला अगदी चिकटून जातो. आई मध्येच म्हणाल्या, "थांब. भिंत आली ना?" साखळीचा आवाज कातळावरून परत येत होता, तो त्यांनी ऐकला होता. मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी दोन्ही तळवे खडकावर टेकले, मग गाल टेकवला. बोटांनी खडकाचा पोत चाचपला. मग म्हणाल्या, "इथे मला येऊ दिलं नव्हतं." त्या आवाजात तक्रार नव्हती. परीक्षेचा निकाल सांगावा तशा सांगत होत्या, पास झाल्याचा. "आता वरपासून खालपर्यंत सांग मला. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे शब्द वापरले. सोंड, घळ, कडा, कड्याच्या कपारीत उगवलेलं एकच झाड, खाली घसरलेली लाल दरड... त्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बिल्कुल. दिसलं."

दुपार कलता कलता आम्ही पूर्ण वळसा घालून निघालो होतो तिथे पोचलो. चहाच्या टपरीवर निखिल उभा होता. आईंनी सायकलवरून न उतरताच त्याला सांगितलं, "निख्या, नकाशा पुरा झाला." तो त्यांच्या हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला. त्याला तो बराच वेळ सुटेना.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात आम्ही जात राहिलो. विहिरीवरच्या बायका सायकल ओळखू लागल्या. ऑफिसात कुणी विचारलं की वीकेंडला काय केलं, तर मी मुद्दाम ताठ बसून सांगायचे, सासूबाईंबरोबर ज्वालामुखीला फेरी मारली. एवढा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वाटलेला नाही.

गेल्या रविवारी निखिलनं आपणहून सायकल खाली काढली आणि मागे बसला. आई बुटक्या होत्या आणि तो उंच, त्यामुळे त्याचे गुडघे थेट छातीशी येत होते. मी सीट वर करायला पाना आणला. त्यानं सीटच्या दांडीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आईंच्या उंचीला तिथे एक चकचकीत वळ उमटला आहे. "राहू दे," तो म्हणाला. आम्ही चाणक्यपुरीच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोठी फेरी मारून आलो. घरी आल्यावर त्याला जिना चढवेना, कठड्याला धरून एकेक पायरी चढला. सीट आहे तिथेच आहे.