सुमीच्या अक्षता आणि तलम कॅसेट

एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटमध्ये साठ मिनिटांच्या दुप्पट मावतं, एवढं गणित मला येत होतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटचं कुठलंतरी वर्ष. दादा कुवेतला नोकरीला. धाकट्या सुमीचं लग्न ठरलं आणि त्याला रजा मिळेना. मग त्यानं सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर एक टेपरेकॉर्डर धाडला (तिथल्या दुकानातला सगळ्यात स्वस्त, हे मित्रानं न विचारता सांगितलं) आणि निरोप दिला, "सुमीच्या मंगलाष्टका भरून पाठव. मला तिथं उभं राहता येत नाही, निदान ऐकू तरी दे." मित्र लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघणार. म्हणजे लग्न एक, संधी एक, आणि घरात सायन्सला गेलेला मी एकटा!

यंत्र आलं, पण त्यात कॅसेट नव्हती. ती घ्यायला मी आणि बाबा सात रस्ता चौकातल्या दुकानात गेलो. बाबा चादरीच्या दुकानात विक्रेते. बोटांनी कापड ओळखण्यात जन्म गेलेला.

"साठ, नव्वद, एकशेवीस," दुकानदार म्हणाला. "कुठली देऊ?"

"साठची अर्ध्या तासानं उलटी करावी लागते," मी बाबांना समजावलं. "सुमीवर अक्षता पडताना मी कॅसेट उलटी करत बसलो तर?"

बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी साठच्या कॅसेटची पट्टी फटीतनं हळूच बोटात धरली. मग एकशेवीसची. डोळे मिटले.

"ही जाडीभरडी. आणि ही बघ! काय तलम हाय!"

"तलम म्हणजे चांगली का?"

"अरे, तलम म्हणजे उंची माल की! इरकल नि घोंगडी एकच का?"

विज्ञान आणि वस्त्रोद्योग यांचं असं एकमत झालं. दुकानदारानं निमूट एकशेवीसची कागदात बांधली. (गिऱ्हाईक डोळे मिटून कॅसेट निवडतंय म्हटल्यावर तो तरी काय बोलणार?)

लग्नाच्या दिवशी बोहल्याशेजारी स्टूल, स्टुलावर यंत्र, यंत्राशेजारी मी. अंतरपाट धरला. मामानं पहिली मंगलाष्टका उचलली. लाल दिवा पेटलेला, चक्री फिरतेय, माझा ऊर भरून आला. दुसरी सुरू झाली आणि यंत्रातून आवाज आला, कुर्र... कुर्र...

झाकण उघडलं. आत तलम माल चाकाभोवती गुंडाळला जात होता! शेवयाच!

"थांबवा!" मी ओरडलो.

आता मंगलाष्टकांच्या मध्येच वधूचा सख्खा भाऊ "थांबवा" म्हणून ओरडला, तर मांडवात काय होईल? मामाचा सूर घशातच अडकला. सनईवाल्यानं सनई खाली ठेवली. नवऱ्या मुलाचे वडील उठून उभे राहिले.

"थांबवा म्हंजे? काय भानगड हाय का?"

"मुलीचा भाऊच म्हणतोय की!" त्यांच्यातल्या कुणीतरी तेल ओतलं.

मला सांगायचं होतं, "पट्टी अडकली." पण दोन्ही हातांत पट्टी धरून मी नुसता मान हलवत होतो, आणि ती 'हो' म्हणून हलतेय की 'नाही' म्हणून, हे मलाही कळत नव्हतं. लग्न लावणारे स्वामी घड्याळाकडे बघत म्हणाले, "मुहूर्त चाललाय! लग्न लावायचं का न्हाय, ते सांगा!" 

तेवढ्यात अंतरपाटाआडून आवाज आला, "बाळ्या, गप बस की! स्वामी, तुम्ही म्हणा पुढचं!"

नवरी बोलली! नवऱ्या मुलाचे वडील थक्क होऊन खाली बसले. मंगलाष्टका पुन्हा सुरू झाल्या. मी मात्र पट्टी ओढत राहिलो आणि ती येत राहिली, मनगटाला, कोपराला, गळ्याला. शेवटी हार तिघांच्या गळ्यात पडले. सुमीच्या, जावईबापूंच्या आणि माझ्या.

"अय्यय्यो, एनो इदु?" मैंदर्गीची आत्या मला पाहून किंचाळली. हे काय झालं, ते मलाही कानडीत सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मंगलाष्टका परत भरायला मी साठची कॅसेट आणली. ("जाडीभरडी घे," बाबा खालमानेनं म्हणाले.) पण स्वामी ऐकेनात. "आज लागलेलं लग्न आजच परत लावू? आणि जोडप्याबिगर नुसत्या भिंतीला मंगलाष्टका म्हणू? अभद्र!"

सकाळी मित्र निघणार. दादा तिकडं कान लावून बसलेला. मी रडायच्या बेतात होतो. तेव्हा आत्याच म्हणाली, "माझ्या भावाला नि वैनीला उभं करा की! त्यांचं लागून तीस वर्षं झाली. परत लागलं तर काय बिघडलं?"

"आपली तयारी हाय," बाबा ताबडतोब उठले. "हिला विचारा."

"मला जरा विचार करू द्या," आई म्हणाली.

पण मी कुवेतच्या दादाचं नाव काढल्यावर तीही उठली. स्वामीही राजी झाले. सुमीनं आणि जावईबापूंनी अंतरपाट धरला. सगळ्या मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, लाल दिवा शेवटपर्यंत तेवत राहिला. कॅसेट नुसती लोण्यासारखी फिरली! मी बटणाकडे हात नेणार, तोच आत्या सवयीनं ओरडली, "नाव घे गं!" आणि आई, तीही सवयीनंच, लाजत म्हणाली,

"घडीवर घडी, चादरींच्या राशी, शिवलिंगरावांचं नाव घेते अक्षतेच्या दिवशी."

कॅसेट गेली. काही दिवसांनी शेजारच्या डॉक्टरांकडे दादाचा फोन आला. मी धावत गेलो.

"ऐकली रे!" दादाचा आवाज दाटलेला. "चारदा ऐकली. खोलीतल्या सगळ्यांना ऐकवली. आईचा आवाज ऐकून रडलो बघ."

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाबांचं लग्न झकास झालं," दादा म्हणाला. "आता सुमीचं कधी काढलंय?"

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि लाइन तुटेपर्यंत "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" असं ओरडत राहिलो. यंत्रापुढं उभं राहून आयुष्यात पहिल्याच झटक्यात जमलेली माझी ती एकमेव गोष्ट!