घरी कोणी नाही

बेनिमारेलमध्ये आपल्याला कोणी ओळखत नाही, अशी क्लिफर्ड ऑर्मरॉडची पक्की समजूत होती. ही समजूत टिकवण्यासाठी त्याने चौदा वर्षं जेवढे कष्ट घेतले, तेवढे इंग्लंडमधल्या बर्नलीच्या बस गॅरेजात उभ्या नोकरीत घेतले नसतील. माणूस सहा फूट उंच, केस पिवळट पांढरे, उन्हात दोन मिनिटं उभा राहिला की कान लाल. स्पेनमधल्या एवढ्याशा डोंगरगावात असा माणूस लपून राहू शकतो, हे फक्त त्याला आणि आम्हा गावातल्या वीसेक इंग्रजांना पटत होतं.

तो इथे आला बायकोच्या छातीसाठी. नोरीन शाळा सुटल्या सुटल्या कापडगिरणीत लागली होती. गिरणी पुढे बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण तिथल्या कापसाच्या धुळीने नोरीनच्या फुप्फुसांत कायमचा मुक्काम ठोकला. बर्नलीच्या ओल्या हिवाळ्यात ती उशांची चळत रचून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. क्लिफने पेन्शन घेतली, नकाशावर सर्वांत कोरडा दिसणारा तुकडा शोधला आणि बिऱ्हाड हलवलं. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात नोरीन आडवी झोपू लागली. ती निपचित पडलेली बघून सुरुवातीला क्लिफचीच झोप उडाली. नाकापाशी हात नेऊन तो खात्री करून घ्यायचा.

इथवर सगळं शहाणपणाचं झालं. पुढचं शिक्षण त्याला नॉर्मन टिलॉट्सनने दिलं.

नॉर्मन आमच्यातला जुना. पेट्रोल पंपाशेजारच्या बारमध्ये त्याची खुर्ची ठरलेली होती आणि नवीन आलेल्या प्रत्येक इंग्रजाला त्याच्यासमोर बसावंच लागे. "हे बघ क्लिफ," तो म्हणाला होता, "कुठे सही करायची नाही. नियम आहे, नाव नोंदवा म्हणून. असू दे. एकदा नाव त्यांच्या दप्तरात गेलं की मागून टॅक्सवाला येतो, त्याच्या मागून गाडीची नोंद तपासणारा. आपण पाहुणे म्हणून राहायचं. पाहुण्याला कोणी काही विचारतं का?"

क्लिफने हे मनावर घेतलं. आमच्यातले बरेच जण थोडेफार असेच राहत होते, पण क्लिफ गॅरेजमधला माणूस. काम हाती घेतलं की नीट करणारा. इंग्रजी नंबरची गाडी त्याने गोठ्यात ताडपत्रीखाली घातली आणि फक्त नोरीनसाठी बाहेर काढली. टपाल मुलीच्या घरी, बर्नलीला. घर भाड्याचं, भाडं म्हाताऱ्या मालकाच्या हातात, कागद नाही. नोरीनला दवाखान्यात न्यावं लागलं की युरोपभर चालणारं प्रवाशांचं आरोग्य कार्ड पुढे करायचं. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "सुट्टीवर आलात?" नोरीन मान हलवायची. चौदा वर्षं ती सुट्टीवर होती.

राहता राहिली समोरची एन्कार्ना. ही पंच्याऐंशीची विधवा दिवस कलला की दारात वेताची खुर्ची टाकून बसायची आणि गल्लीतून तिच्या नजरेआड मांजरही जात नसे. क्लिफला स्पॅनिश येत नव्हतं. त्याने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून बिल्ला दाखवला, डोक्यावर हातानेच टोपीचा आकार केला, मग आपल्या दाराकडे बोट करून दोन्ही हात झटकले. टोपीवाला आला तर घरी कोणी नाही. एन्कार्नाला ते लगेच कळलं. यादवी युद्ध संपल्यावर हरलेल्या बाजूचे तिचे वडील माळ्यावर लपून राहिले होते, आणि दारात टोपी दिसली की काय म्हणायचं हे तिला अक्षरओळख होण्याआधी शिकवलं होतं. हा इंग्रज कशापासून लपतोय, हे तिने विचारलं नाही. तिच्या मते ते विचारायचंच नसतं.

मग दोन हजार सोळा साली आमच्या देशाने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. क्लिफने मत दिलं नव्हतं. परदेशातून मत द्यायचं तर परदेशात राहतो असं कबूल करावं लागतं. बारमधल्या काहींनी मात्र आवर्जून बाहेर पडण्याच्या बाजूने दिलं होतं. देशात परके लोक फार झाले, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी स्पेनमध्ये बसून मांडलं. निकालाच्या दिवशी बारमालकाने न विचारता टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही मुकी चित्रं बघत राहिलो. कोणाच्या तरी घरी मयत झाल्याची बातमी असावी तसं.

पुढची दोन वर्षं भीती हळूहळू मुरली. एकोणीसच्या सुरुवातीला ती वर आली. मार्चअखेर कराराशिवायच बाहेर पडणार, असं रोज ऐकू येऊ लागलं. मग पेन्शनचं काय, औषधांचं काय, सीमेवर कुत्री-मांजरं अडवणार का, प्रत्येकाकडे वेगळी माहिती आणि प्रत्येकाची माहिती खात्रीची. ज्यांची इथे नोंद आहे त्यांना राहू देतील, एवढी एकच गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात सारखी होती. क्लिफ बारमध्ये येऊन बसायचा आणि काही न घेता उठून जायचा.

एकदा मला गाठून म्हणाला, "कार्ड बंद झालं तर तिला कुठे नेऊ?"

"नाव नोंदवून टाक आता."

"आणि चौदा वर्षं कुठे होतात म्हणाले तर?"

मला स्पॅनिश बरं येतं, म्हणून लोक मला कायद्यातलंही कळतं असं धरून चालायचे.

मी त्याच्याबरोबर नगरपालिकेत गेलो. तिथे आमच्या अर्ध्या बारची रांग लागली होती. इतकी वर्षं अदृश्य असलेली माणसं एकमेकांच्या मागे उभी राहून छताकडे बघत होती. खिडकीतली मुलगी हसतमुख होती. क्लिफने माझ्यामार्फत भीत भीत विचारलं, मिस्टर टिलॉट्सनही यायचेत का. ती म्हणाली, "नॉर्मन? छे! ते इथे आले त्याच वर्षी नोंदवून गेले. सगळ्यांत आधी तेच." मी ते क्लिफला इंग्रजीत सांगितलं. तो हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिला.

घराचा कागद नाही, मालक वारलेला, वारस बार्सिलोनात आणि फोन न उचलणारे. मुलगी म्हणाली, "हरकत नाही. नगरपालिकेचा पोलीस घरी येईल. तुम्ही खरंच राहता का, बघेल, झालं."

"कधी येईल?"

"ते सांगत नसतो. सांगून आला तर बघायचं काय?"

तो आला त्या दिवशी क्लिफ आणि नोरीन दुपारचा चहा पीत होते. पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोघांचंही जुळतं. दारावर थाप पडली. क्लिफने पडद्याच्या फटीतून टोपी पाहिली. चौदा वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप टीव्हीच्या बटणावर गेला. दुसऱ्या हाताने त्याने नोरीनला धरलं आणि दोघं स्वयंपाकघरात, खिडकीखाली, फरशीवर जाऊन बसली. ही कवायत त्यांना पाठ होती. एरवी वीज मंडळाचा माणूस आला तरी ती करायची.

पुन्हा थाप. बाहेरून एन्कार्नाचा आवाज आला. काय बोलते ते त्यांना कळत नव्हतं, पण सूर कळत होता. गल्लीतल्यांनी ते शब्द मला नंतर सांगितले.

"घरी कोणी नाही."

"बाहेर गेलेत का, मावशी?" पोलीस विसेंट गावातलाच, तिच्या अंगाखांद्यावर खेळलेला.

"बाहेर जायला आत कोणी असावं लागतं. ते घर रिकामं आहे."

"कधीपासून?"

"तिथला जुना भाडेकरू पाब्लो मेला तेव्हापासून."

"मावशी, पाब्लो मेला तेव्हा मी शाळेत होतो!"

"मग बघ, किती वर्षं रिकामं आहे ते."

आत नोरीनने क्लिफच्या कानाशी तोंड नेलं. "क्लिफ, हाच तो. आपण बोलावलेला."

"गप."

"उघड दार."

"गाडीसाठी आला असला तर? टॅक्सचा असला तर?" त्याचा चेहरा घामाने चमकत होता. "आधी जाऊ दे. मग बघू."

"मग काय बघू? तो लिहून जाईल ना, इथे कोणी राहत नाही म्हणून!"

क्लिफला ते कळत होतं. पाय मात्र हलत नव्हते. नोरीन उठायला लागली तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं, आणि चांगलंच पकडलं. वळ दोन दिवस राहिला. झटापटीत तिला ढास लागली. तिने तोंडात गळ्यातल्या स्कार्फचं टोक कोंबलं. आपण राहतो ते सिद्ध करायला आलेल्या माणसाला आपण राहत नाही असं वाटावं, म्हणून ती बाई श्वास कोंडून बसली होती. तिचे ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा क्लिफचा हात सैल पडला.

खोकला फुटला. तो गल्लीभर ऐकू गेला.

"आणि हे काय?" विसेंटने विचारलं.

"मांजर," एन्कार्ना म्हणाली.

"केवढं मांजर आहे हे, मावशी?"

"आजारी आहे."

दार उघडलं. सपाता घातलेली नोरीन चौकटीला धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एन्कार्नाने तिच्याकडे नीट बघितलं आणि ठामपणे सांगितलं, "हिला मी कधी पाहिलेलं नाही."

विसेंटने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि कोपऱ्यावर राहणाऱ्या मला हाक मारायला एका पोराला पिटाळलं. मी पोचलो तेव्हा नोरीन उंबऱ्यावर बसली होती आणि विसेंट तिला पाणी पाजत होता. क्लिफ तिच्या मागे अंधारात उभा होता, एक हात अजून कडीवर.

"यांना सांगा, घाबरू नका," विसेंट मला म्हणाला. "मी यांना ओळखतो. दर शुक्रवारी बाजारात संत्री घेतात आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. सगळं गाव ओळखतं. पण नियम आहे, मला घरात बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. आणि हे तर घरातच दिसत नव्हते."

मी सांगितलं. क्लिफचे कान लाल झाले. आपण दिसत होतो, ही बातमी त्याला त्या क्षणी कुठल्याही दंडापेक्षा मोठी वाटली असावी.

"फक्त एक विचारा," विसेंट म्हणाला. "कधीपासून राहतात?"

मी इंग्रजीत विचारलं.

"गेल्या महिन्यापासून सांग," क्लिफ पुटपुटला. "सांग, गेल्या महिन्यापासून!"

"चौदा वर्षं," नोरीन म्हणाली.

"नोरीन!"

"खोटं सांगायला आता माझ्यात दम उरलेला नाही, क्लिफ."

दोघं माझ्याकडे बघू लागली. चौदा म्हणावं तर दवाखान्यात सांगितलेल्या सुट्ट्या, ताडपत्रीखालची गाडी, सगळं एका दमात उघडं पडणार. महिना म्हणावं तर आजवर इथे नव्हतात मग आता कशाला, असं कोणीतरी म्हणणार, आणि तिला बर्नलीच्या ओलीत परत जावं लागणार. कुठलं उत्तर माणसाला वाचवतं, हे त्या महिन्यात लंडनमध्येही कोणाला ठाऊक नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत एन्कार्ना उठली. नोरीन दारात आली म्हणजे लपणं संपलं, असा तिने अर्थ लावला होता. आणि लपणं संपलं की खरं बोलायची तिला मोकळीक होती. तिने सगळं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना होती, त्याच आठवड्यात ही गावात आली आणि काय चाललंय हे न कळताच केक घेऊन आत शिरली. दोनदा रुग्णवाहिका आली. एकदा हा रडत गल्लीत उभा होता. गाडी गोठ्यात आहे, चांगली झाकून ठेवतो, काटकसरी माणूस आहे.

त्या सगळ्यातला गाडी हा एकच शब्द क्लिफला कळला. तो भिंतीला टेकला.

"ती काय सांगतेय?"

"तुझी स्तुती करतेय," मी म्हणालो.

विसेंट खाली मान घालून लिहीत होता. एन्कार्ना थांबली तरी तो लिहीत होता. एवढं काय लिहितोय हे बघायला मी मान लांबवली, पण त्याचं अक्षर डॉक्टरसारखं. शेवटी त्याने कागदाची घडी घातली, नोरीनला म्हणाला, "जपा, बाई," एन्कार्नाच्या गालाचे मुके घेतले आणि उतारावरून निघून गेला.

एन्कार्नाने आतून दुसरी खुर्ची आणली आणि नोरीनला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. चांगल्या खणखणीत शब्दांत तिने क्लिफला काही सुनावलं. त्याचं भाषांतर मी केलं नाही. नोरीन उघड्या गल्लीत, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर मनसोक्त खोकत होती आणि मध्ये मध्ये मनगट चोळत होती.

क्लिफ चौकटीतच होता. एक पाय बाहेर टाकावा असा त्याचा विचार असावा, पण पाय उंबऱ्यापाशी अडत होता.

"काय लिहिलं त्याने?" त्याने मला विचारलं.

"तुम्ही इथे राहता, असं."

"एवढंच?"

"एवढंच असेल."

तो उताराकडे बघत राहिला. विसेंट केव्हाच वळणाआड गेला होता.

"म्हणजे हे चांगलं झालं, की वाईट?"

नोरीनने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिलाही ते उत्तर हवं होतं.

"चांगलं," मी म्हणालो, आणि आवाज जमेल तेवढा खात्रीचा ठेवला.