मामा, साळुंकी आणि माझं विश्लेषण

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो बाबाराव मामांमुळे. आणि पदवीच्याच परीक्षेत, भर सभागृहात, मी त्यांना ‘निर्जीव वस्तू’ म्हणालो.

अमरावतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला छायाचित्रण हा विषय होता. स्वतः काढलेला निसर्गाचा एक फोटो पडद्यावर दाखवायचा आणि त्यातल्या रेषा, प्रकाश, आकार, पोत सगळ्यांसमोर समजावून सांगायचे. अट एकच. फोटोत मुद्दाम उभा केलेला माणूस नको. असला तर विषय नापास, पदवी पुढच्या वर्षी!

मी नांदगाव खंडेश्वरला मामांच्या वावरात गेलो (शाळेची दहा वर्षं त्यांच्याच घरी काढली होती). बांधावरूनच ओरडलो, "मामा, ज्वारीतलं बुजगावणं मले फोटोत पायजे! काढू नका!"

"बरं, भाचेबुवा!" ज्वारीतून आवाज आला. मी दोन तास फोटो काढले आणि घाईनं बस पकडली.

परीक्षेला मामा-मामी हौसेनं आले, पहिल्याच रांगेत बसले. परीक्षक मॅडम अकोल्याच्या. चेहरा कडक.

"ज्वारीच्या ओळींच्या या सरळ रेषा आपली नजर मधोमध नेतात," मी छाती फुगवून सुरुवात केली. "तिथे एक निर्जीव वस्तू आहे. बुजगावणं! भुसा ठासल्यामुळे पोटाचा आकार बेढब झालाय."

"पोटाचं बराबर सांगून राहिला पोरगा," मामी म्हणाल्या.

"पोत पाहा, कसा गबाळा! आणि हातावर बिनधास्त बसलेली ही साळुंकी! तिलासुद्धा कळलंय, याच्यात जीव नाही!"

"जीव नाई?" मामा ताडकन उठले. "अबे, नखं रुतवले तिनं माह्या हातात! हे पाह्य, वण हाय अजून!"

मी पडद्याकडे वळलो. बाजूनं दिसणारी आकृती, डोक्या-तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा... आणि पायात चपला! (बुजगावण्याला चपला कोण घालतं? हे मला महिनाभर विश्लेषण करून दिसलं नव्हतं!)

"मामा, तुमी तिथं काऊन उभे होते?"

"बुजगावणं त सकाळीच रोह्यांनी, त्या नीलगाईंनी, पाडलं होतं. तुले फोटोत पायजे होतं. भाच्यानं मांगावं अन् मामानं नाई म्हणावं?"

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. मामा तर स्वतःच हात पसरून उभे राहिले होते!

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे माणूस उभा केला. अट मोडली."

माझी पदवी डोळ्यांसमोरून चांदूर रेल्वे स्टेशनातल्या गाडीसारखी निघून गेली.

"कोनं उभा केला, मॅडम?" मामा गरजले. "याले त आत्ता मालूम पडलं! मी माह्या वावरात माह्या मनानं उभा होतो. दोन घंटे मुंग्या चावल्या, हाललो नाई. खोटं वाटत असन त त्या साळुंकीले इचारा!"

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवून फोटो पाहिला. मग हसू दाबताना त्यांचे खांदे हलायला लागले. "साळुंकीनं ज्यांना माणूस मानलं नाही, त्यांना मी कशी मानू? हा निसर्गच. पास!" आणि गुण लिहिता लिहिता, "पोटाचं विश्लेषण अचूक आहे."

मी त्या विषयात कॉलेजात पहिला आलो! निकालाच्या दिवशीच मामांना पत्र टाकलं:

"ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार. मी पदवीधर झालो. ही पदवी अर्धी माझी, अर्धी तुमची. मुंग्या चावल्या तो अर्धा भाग तुमचा. यापुढे भाच्यानं काहीही मागितलं तरी उन्हात उभं राहायचं नाही. सोबत मी परीक्षेला घातलेला कोट पाठवतो आहे. नव्या बुजगावण्याला तोच चढवा आणि वर एक रिकामं मडकं ठेवा. हुबेहूब मीच दिसेन."